कुर्लीचे साडेपाच तास

खडपवाडीच्या समुद्रात चक्क रात्री एक वाजता सूर्य उगवला होता!

निदान पडद्यावर तरी तसंच दिसत होतं. अकरा वर्षांच्या कस्तुरी खवळेनं आलेख दोनदा पाहिला. रात्री एकच्या सुमारास पाण्यात उजेड शिरत होता, सकाळी नऊला पाणी सर्वांत गरम होत होतं आणि दुपारी दीडलाच अंधार पडत होता.

"मावशी, समुद्राचं काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली.

ही २०५१ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या या छोट्या सागरकेंद्रात डॉ. हमीदा होडेकर प्रवाळांचा अभ्यास करत. प्रवाळ म्हणजे समुद्रात दगडी घरं बांधून राहणारे इवलेसे प्राणी. सगळी वाडी हमीदाला मावशी म्हणायची आणि सुट्टी लागली की कस्तुरी दिवसभर तिच्याच मागेमागे असायची.

मावशी हातातला चहा तसाच ठेवून पडद्याजवळ आली. परवापासून समुद्रात उष्णतेची लाट येणार होती. पाणी फार तापलं तर प्रवाळांचं विरंजन होतं (म्हणजे रंग उडून ते पांढरेफटक पडतात आणि पुढे मरतातही). त्यांच्यावर सावली धरायला तरंगती जाळी तयार होती, पण ती पसरणं म्हणजे वाडीतल्या सगळ्या होड्यांचं दोन दिवसांचं काम. म्हणून आधी संगणकाला विचारलं होतं आणि संगणकानं उत्तर दिलं होतं : जाळीची गरज नाही.

"हे उत्तर मला पटतच नव्हतं," मावशी म्हणाली. "ही नोंद कुणाची? कुर्लीची ना? तिचा संवेदक (उजेड, उष्णता मोजणारा भाग) खराब झालेला दिसतोय. टाकून दे ती फाइल."

कुर्ली म्हणजे समुद्राच्या तळावर आठ पायांनी खेकड्यासारखा तिरका तिरका चालणारा यंत्रमानव. आत्ता ती दाराजवळ चार्ज होत उभी होती. आपल्या लाडक्या कुर्लीची तीन महिन्यांची मेहनत फेकून द्यायची, हे काही कस्तुरीला रुचलं नाही. ती कुर्लीसमोर उकिडवी बसली.

"कुर्ले, किती वाजले गं?"

"चार वाजून दहा मिनिटं," कुर्ली ठामपणे म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते. कस्तुरीनं बोटांवर हिशेब केला. "तू साडेपाच तास मागे आहेस!"

"मी मागे नाही. मी जागतिक प्रमाणवेळेवर चालते. भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं नाही."

मावशी कपाळाला हात लावून हसायलाच लागली. "अगं, म्हणजे संवेदक ठणठणीत आहे! मूर्ख आपण ठरलो!"

मग तिनं कागदावर दोन डोंगर काढले. "हे बघ. प्रवाळांच्या उत्तर टोकाला कुर्ली मोजते आणि दक्षिण टोकाला वॉल्टरचं तरंगतं पिंप. पिंपाच्या फाइलमध्ये आपली वेळ आहे. खरं तर दोन्हीकडे पाणी दुपारी अडीचला सर्वांत जास्त तापतं. पण संगणकाला वाटलं, एकीकडे सकाळी नऊला तापतं आणि दुसरीकडे दुपारी. त्यानं सरासरी काढली तेव्हा एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगट भागावर पडला आणि सगळं सपाट झालं."

"आणि तापच दिसेनासा झाला!"

"बरोब्बर. आकडे खरे होते, पण त्यांच्यासोबत त्यांची ओळख नव्हती. कुणी मोजलं, कुठे, कोणत्या घड्याळानं, कशानं? या ओळखीला मेटाडेटा म्हणतात (माहितीविषयीची माहिती). ती नसेल तर एकाची मेहनत दुसऱ्याला कळत नाही."

वेळ दुरुस्त करून त्यांनी पुन्हा गणित मांडलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : जाळी आवश्यक.

मावशीनं लगेच वॉल्टर डिसोझाला फोन लावला. हा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला तरुण शिक्षक. जाळीही त्यानंच बनवली होती.

"वॉल्टर, तुझी फाइल ताजीच आहे ना?"

"तसं म्हणजे... माझ्याकडे तीन आहेत. 'शेवटची', 'नवी शेवटची' आणि 'खरंच शेवटची'."

"यातली कुठली पाठवलीस?"

"बघावं लागेल!"

कस्तुरी खो खो हसत सुटली. अर्ध्या तासात वॉल्टर मोटारसायकलवरून हजर झाला. तिघांनी मिळून ताजी फाइल शोधली आणि सगळ्या फाइली ठेवायला एकच जागा ठरवली. तिथे प्रत्येक फाइलचं एकच नाव, बदल केला की पुढचा क्रमांक आणि कुणी, कधी, का बदललं याची एक ओळ. शिवाय प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ओळखपत्र. ती ओळखपत्रं भरायचं काम कस्तुरीनं आनंदानं अंगावर घेतलं.

कुर्लीचं झालं, पिंपाचं झालं. आता आजोबांची वही. तिचे आजोबा, बाबल खवळे, तीस वर्षं मासेमारीला जाताना प्रत्येक जागेची खोली लिहून ठेवत. ते आकडे कस्तुरीनंच संगणकात भरले होते. खोली : तीन. एकक (मोजण्याचं माप) :

कस्तुरीची बोटं थबकली. तिनं 'मीटर' लिहिलं होतं खरं, पण वहीत तसं कुठे होतं? वहीत नुसता आकडा होता. याच आकड्यावरून वॉल्टरदादा अंगणात जाळीच्या नांगरांचे दोर कापायला बसला होता.

"दादा, थांब!" ती ओरडली आणि पळत सुटली ती थेट बंदरावर.

आजोबा जाळं विणत होते. प्रश्न ऐकून ते हसले. "अगो, मीटर खंयचे? हे वाव आसत!" त्यांनी दोन्ही हात फैलावले. "ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. सहा फूट धर."

तीन वाव म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर! वॉल्टर चार मीटरचे दोर कापत होता. नांगर तळाला टेकलेच नसते आणि जाळी वाहून गेली असती.

परत येऊन कस्तुरी मान खाली घालून म्हणाली, "चूक माझीच होती. मी विचारलंच नाही."

"दोनच दोर कापलेत," वॉल्टर म्हणाला. "आणि मी तरी कुठे विचारलं? लिही आता, वाव."

"आणि खाली लिही, दुरुस्ती कस्तुरी खवळे हिनं केली," मावशी म्हणाली. "चूक लपवायची नाही, नोंदवायची. पुढच्याला उपयोगी पडते."

दोन दिवस बावीस होड्या समुद्रात होत्या. आजोबा पुढच्या होडीतून जागा दाखवत आणि वॉल्टर नांगर सोडत असे. लाट आली आणि नऊ दिवस राहिली. दहाव्या दिवशी कुर्लीनं तळावरून चित्रं पाठवली. एका कोपऱ्यात, जिथे जाळी पुरली नव्हती, तिथले थोडे प्रवाळ पांढरे पडले होते. बाकी सगळी बाग तपकिरी, हिरवी, जांभळी! मावशीनं कस्तुरीला उचलून गरकन फिरवलं.

तिघांनी आपली सगळी विदा (मोजून जमवलेली माहिती) जगासाठी खुली केली, ओळखपत्रांसकट.

जूनमध्ये टांझानियाच्या किनाऱ्यावरून एक संदेश आला. नेमा नावाच्या बारा वर्षांच्या मुलीचा. संगणकानं त्याचा मराठीत अनुवाद केला :

"तुमच्या नोंदी आमच्या शाळेनं वापरल्या. कुणाला काही विचारावं लागलं नाही. वाव म्हणजे काय तेही खाली लिहिलेलं होतं. आमच्या प्रवाळांवर आम्ही नारळाच्या झावळ्यांची जाळी धरली. तुमच्या जाळीखालच्या पाण्यापेक्षा आमच्याकडचं पाणी अर्धा अंश जास्त थंड राहिलं. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. सोबत आमची फाइल पाठवतेय."

"झावळ्या?" वॉल्टर खुर्चीतून उठलाच. "इकडे काय कमी आहेत?"

पण कस्तुरीनं तोवर नेमाची फाइल उघडली होती आणि सगळ्यात आधी ती तिचं ओळखपत्र वाचत होती.