सहा तोडे

मंदा गांगुर्डे सकाळी सातला नाशिकच्या एका सोसायटीत घरकामाला शिरली, तेव्हा तिच्या डाव्या पायात सहा तोडे होते. चांदीचे नव्हेत, काळ्या रबराचे. सहा घरांतल्या सहा म्हाताऱ्यांचे.

त्या वर्षी साठीपुढच्या माणसांच्या मांडीत अस्थिकण बसवायची टूम निघाली होती. तांदळाएवढा कण, त्यात हाडं बळकट करणारं हिवाळाभराचं औषध. थंडीत म्हातारी माणसं घरात बसून राहतात, हाडं कमकुवत होतात आणि मग न्हाणीघरात पाय घसरतो, म्हणून हा उपाय. अट एकच, रोज चालायचं. घोट्यातला तोडा पावलं मोजायचा, आकडा बिनतारी कळवायचा आणि तेवढंच औषध कणातून सुटायचं. मोठमोठ्या शहाण्यांनी डोकं लढवलं होतं. तोडा कुणाच्या पायात आहे, हे बघायचं तेवढं राहिलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुमुद टिल्लू निवृत्त पी.टी. शिक्षिका. तीस वर्षं त्यांनी ऐन थंडीत शिट्टी फुंकून पोरींना मैदानाभोवती पळवलं. पण नवरा गेल्यापासून एकटीनं फिरायला जाणं नकोसं झालं होतं. ते दुःख खरं होतं, आणि त्याच्या आडून आळसही आला. दिवाळी सरताच त्यांनी तोडा मंदाच्या पायात अडकवला. "तू दिवसभर चालतेसच की. त्यात माझंही चालून घे." ही युक्ती शेजारच्या पाच घरांत पोचायला आठवडा पुरला.

त्यांचा पुण्याला राहणारा मुलगा शिरीष रोज फोनवर आकडा बघून त्यांच्याशी बोलायचा. "आठ हजार पावलं? शाबास, आई." आकडा चांगला असल्यावर यायची गरज काय, म्हणून तो दिवाळीनंतर फिरकलाच नाही.

त्या सकाळी कुमुदताई चहासाठी खुर्चीतून नुसत्या उठल्या. घसरल्या नाहीत की अडखळल्या नाहीत. मांडीत काडकन आवाज झाला आणि त्या मंदाच्या अंगावर कोसळल्या.

दुपारी इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "आठ हजार पावलं चालणारं हाड असं मोडत नाही. खरं सांगा, बाई."

कुमुदताईंनी छताकडे बघत सगळं सांगितलं. पुण्याहून धावत आलेला शिरीष उशाशी उभा होता.

"औषधानं हाडावर थर चढतात," डॉक्टर म्हणाले. "ते घट्ट बसतात चालण्याच्या दाबानं. तुमच्या हाडावर थर चढत गेले, दाब पडलाच नाही. हाड खडूसारखं झालंय. स्क्रू घातला तर तिथंही तडकेल."

"म्हणजे मी चालणार नाही?"

"कठीण आहे. बाकीच्यांचे तोडे मात्र आजच परत करा. औषध थांबवून रोज थोडं थोडं चालले, तर ती हाडं सावरतील."

शिरीष मंदाकडे वळला. "तुला मला एक फोन करता आला नाही?"

"दादा, तुम्ही रोज शाबास म्हणायचे, ते मी भांडी घासताना ऐकायचे," मंदा म्हणाली. "आईचा आवाज ऐकून तुम्हाला कळतच असेल, असं वाटलं मला."

कुमुदताईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. पळायला कंटाळणाऱ्या पोरींना आपण काय काय बोललो होतो, ते त्यांना आठवत होतं.

संध्याकाळी मंदा सोसायटीत परतली. त्या पाच घरांपैकी पहिल्या घरी आगाशे काकांनी कानटोपी घालून दार उघडलं. तिनं डॉक्टरांचं बोलणं शब्द न् शब्द सांगितलं आणि त्यांचा तोडा त्यांच्या हातात ठेवला.

काकांनी तोडा उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं. उघड्या खिडकीतून बोचरं वारं येत होतं.

"वाईट झालं गं कुमुदचं," ते म्हणाले, आणि तोडा हळूच तिच्यापुढे धरला. "पण आकडा शून्य दिसला तर मुलगी ओरडेल. निदान संक्रांतीपर्यंत घालशील?"