फरशी कोरडीच होती

"आई, आत्याच्या खोलीतली फरशी कोण पुसतं गं?"

परवा मंगळवारी विचारलं एकदाचं! मैत्रिणींनी डिवचलं होतं, "स्टेजवर एवढी बोलतेस ना आता? मग घरी हे विचारून दाखव."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.

"मला वाटलं, तू पुसतेस."

मी नाही पुसत.

तुम्हाला थाप वाटेल. वाटू दे. पण हे आमच्याच घरात, भर दुपारी घडलंय.

आत्या म्हणजे बाबाची थोरली बहीण. तिच्या खोलीतला एसी सारखा गळायचा. रोज चारला ती फरशी पुसायची आणि फडकं पिळून खिडकीच्या गजावर टाकायची.

"अरे, मेकॅनिकला बोलाव की!"

"बोलावतो, ताई."

"हो, माझ्या शंभरीला बोलाव!"

तीन महिन्यांपूर्वी त्याच पाण्यावरून तिचा पाय घसरला. डोकं पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलं.

गेली.

घरात कुणी मोठ्याने रडलंसुद्धा नाही. बाबा लॅपटॉप घेऊन तिच्या खोलीत बसू लागला. तीनपर्यंत एसी चालू, मग दार ओढून बाहेर. गळतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मलाही काही वाटत नव्हतं. खरंच, काहीच नाही.

फक्त... संध्याकाळी गजावरचं फडकं ओलं असायचं.

रोज.

शेवटी त्याच मंगळवारी मीच मेकॅनिककाकांना फोन केला. ते संध्याकाळी आले.

"लादी तर कोरडी ठणठणीत. गळतो कुठे?" ते हसले. मग त्यांनी एसीच्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतलं. सगळं भिंतीवरून खाली आलं.

"पाइप शेवाळाने गच्च तुंबलाय. उतारही उलटा. रोज अर्धी बादली तरी खाली पडत असणार. कुणीतरी पुसतंय म्हणून बरं!"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिला.

काकांनी पाइप धुतला, बाहेरच्या बाजूला नीट उतार दिला, पुन्हा पाणी ओतून दाखवलं. थेंबन् थेंब बाहेर. "महिन्यातून एकदा पाइप आणि ट्रे साफ करा. परत गळणार नाही."

मी गजावर नवंकोरं, कोरडं फडकं टाकलं.

बुधवारी एसी सकाळपासून चालला. मी भिंतीला गाल लावून पाहिलं. ओल नाही.

चार वाजता आम्ही तिघंही बाहेरच्या खोलीत होतो. आत्याचं दार बंद.

आतून आवाज आला...

फडकं पिळल्याचा.

टप... टप... टप...

मग काहीच नाही.

मीच दार उघडलं. फरशी कोरडी. भिंत कोरडी.

फडकं... ओलं. गार. त्याचा पीळही अजून सुटला नव्हता.

ते पाणी कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही.

आई दारातूनच म्हणाली, "ताईंना कुणी सांगितलंच नाही." अगदी सपाट आवाजात. बाबा खाली बसला. तिथेच, जमिनीवर.

आज गुरुवार. पावणेचार झालेत. हे लिहिता लिहिता उठून मी दोघांना सांगून आले:

"मी आत जाऊन बसणार आहे. ती आली की सांगणार, आत्या, एसी दुरुस्त झाला, आता राहू दे. बाबा, खरं तर हे तू सांगायला हवंस. येत असशील तर चल. नाही आलास तरी मी जाणार."