बाद झालेली नोंद

"बिटकी बाद," मास्तरीण म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा."

"सख्खी बहीण आहे तुझी," दांडू म्हणाला.

"म्हणूनच."

सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी मिळून 'सावली' नावाचं अ‍ॅप बनवलं होतं. चित्रं दांडूची, नियम तिचे. म्हणून तर तिला सगळे मास्तरीण म्हणत. पोरांनी वस्तीतल्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन तापमान मोजायचं आणि फोटोसह नोंदवायचं. जी जागा सगळ्यात जास्त तापते, तिथे पोरांनीच आधी झाडं लावायची. रोपं रोपवाटिकेने कबूल केली होती. नुसतं 'पृथ्वी वाचवा' म्हटल्यावर जांभया देणारी पोरं आता भर दुपारी तापमापक घेऊन धावत होती.

पण एकाने तापमापक गरम चहात बुडवला आणि 'आमची गल्ली, बासष्ट अंश' असं नोंदवून मोकळा झाला. तेव्हा मास्तरणीने नियम केला, की पन्नासच्या वरची नोंद अ‍ॅपने आपोआप बाद करायची आणि तीन नोंदी बाद झाल्या की खेळाडूही बाद. बाद आकडे यादीत दिसत नसत. एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडत. तो कप्पा कोणी उघडत नसे.

नऊ वर्षांच्या बिटकीच्या तीन नोंदी बाद झाल्या होत्या. मास्तरणीने सकाळी तिला सगळ्यांसमोर विचारलं, चहात बुडवलास ना?

"मी चहा पीतच नाही," बिटकी म्हणाली. सगळे हसले. ती मात्र हसली नाही. आईचा जुना फोन खिशात घालून ती निघून गेली.

जेवायच्या वेळी ती घरी आली नाही. आई दवाखान्यात कामावर होती. मैत्रिणीकडे नाही, मैदानात नाही. मास्तरणीने चार फोन केले आणि पाचव्या वेळी तिचा आवाज चिरकला. मग दांडूच म्हणाला, की बघ तरी, तिने आज काही पाठवलंय का.

तिने तो कप्पा पहिल्यांदाच उघडला. सोमवार, छप्पन्न. मंगळवार, एकसष्ट. बुधवार, अडुसष्ट. तिन्ही वेळा जागा एकच होती. लाकूड कापायच्या कारखान्याची मागची भिंत, फळ्यांच्या फटीतून आतल्या भुशात खुपसलेला तापमापक.

"चहात बुडवला असता तर आकडा रोज पायरी पायरीने कसा चढला असता?" मास्तरीण हळूच म्हणाली.

खाली चौथी नोंद होती. अकरा मिनिटांपूर्वीची. एकोणऐंशी. फोटो भिंतीबाहेरून काढलेला नव्हता. भुशाचा उतार होता, आणि वर अगदी जवळ आलेले छपराचे पत्रे.

ती ढिगावर चढली होती.

दोघं धावत सुटले. धावता धावता मास्तरीण सांगत होती. ओल्या भुशात बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांची उष्णता आतच कोंडते. वरून सगळं शांत दिसतं, पण आत भुसा जळून पोकळी होते. आणि त्या पोकळीवर कोणी पाय दिला तर? तिने वाक्य पुरं केलं नाही.

फाटकाशी मुकादम खुर्ची टेकून बसला होता. आत कोणी नाही, तो म्हणाला. भुसा रोज पालटतात, आजही पालटलाय, बर्फासारखा गार आहे, घरी जा. त्याने मागच्या फळ्याकडे बोट दाखवलं. 'भुसा पालटला' या शीर्षकाखाली या आठवड्याच्या सोमवार ते शनिवार सगळ्या वारांपुढे बरोबरच्या खुणा होत्या.

दांडूने फळा नीट वाचला. "काका, आज गुरुवार ना?"

"मग?"

"मग शनिवारचा भुसा कधी पालटलात?"

मुकादम फळ्याकडे वळला. तेवढ्यात मास्तरीण आडव्या दांड्याखालून आत शिरली.

शेडमध्ये एकही यंत्र चालू नव्हतं. ढीग दोन पुरुष उंच होता. करपल्याचा वास येत होता आणि जमिनीतूनही ऊब लागत होती. वरच्या बाजूला बिटकी पालथी पडली होती. तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता.

"ताई, खाली पोकळ आहे," ती कुजबुजली. मोठ्याने बोललं तर ढीग ऐकेल अशी भीती वाटावी तशी. "बूट गरम व्हायला लागलाय."

मास्तरणीने पाऊल उचललं आणि तसंच थांबवलं. आपलं वजन त्यावर पडलं तर दोघीही आत जाऊ. तिने शेडभर नजर फिरवली. कापून ठेवलेल्या लांब फळ्या. दांडू आत आला तसं दोघांनी एक फळी उतारावर सरकवली, तिच्या पुढे दुसरी. मास्तरीण पोटावर झोपून वर सरपटू लागली. हाताखालचा भुसा आतून कुरकुरत होता.

मागून मुकादम फावडं घेऊन धावत आला.

"उकरू नका!" ती ओरडली. "आत हवा गेली की पेटेल. अग्निशमन दलाला बोलवा."

फावडं टाकून मुकादमाने फोन काढला.

मास्तरणीने बिटकीचं मनगट धरलं, फळीवर ओढून घेतलं आणि पाय हळूहळू सोडवला. बूट आतच राहिला. त्या भोकातून धुराची बारीक रेघ वर आली, आणि तळाशी काहीतरी लाल उघडझाप करत होतं. दोघी फळीवरून घसरत थेट दांडूच्या अंगावर आदळल्या.

अग्निशमन दलाच्या अधिकारी बाईंनी लांब सळईचा तापमापक ढिगात खुपसला. आकडा दोनशेच्या वर गेला. शेडच्या भिंतीला लागून पाळणाघर होतं. तिथली पोरं दुपारची झोपली होती. त्यांना आधी हलवलं. मग पाण्याच्या फवाऱ्याखाली ढीग थोडा थोडा उपसायला संध्याकाळ झाली. मुकादमाला कारखान्याच्या मालकासमोर फळ्यावरच्या खुणांचा हिशोब द्यावा लागला.

अधिकारी बाई या तिघांपाशी आल्या. दवाखान्यातून धावत आलेली आई बिटकीच्या भाजलेल्या घोट्याला पट्टी बांधत होती. शाबास, बाई म्हणाल्या, आज तुम्ही पाळणाघर वाचवलंत. आणि हे अ‍ॅप कोणी बनवलं?

"आम्ही दोघांनी," मास्तरीण म्हणाली. "पण आकडे हिचे आहेत. आणि ते मी फेकून दिले होते."

बाई म्हणाल्या, की हे माझ्यासमोर कबूल करणारे मोठे लोक फार थोडे भेटतात.

घरी आल्यावर मास्तरणीने बिटकीच्या शेजारी बसून पन्नासचा नियम पुसला. त्या जागी काय लिहायचं ते तिला सुचेना. पडद्यावर मोकळी चौकट लुकलुकत राहिली.

"आधी जाऊन बघायचं," बिटकी म्हणाली. "मग बाद."

मास्तरणीने तो नियम तसाच लिहिला. एक शब्दही न बदलता.