काढलेले मूळ भाग

गजेंद्र भुयार अकोल्याहून परत आलाच नाही. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. कारण तो रोज अमरावतीत, राजापेठेतल्या घरी, पानावर बसून दोन भाकरी खातो, आणि परत न आलेला माणूस असं करत नाही.

तर, गाडी. १९५४ची, काळी, बटबटीत डोळ्यांची. बोनेटवरचा बिल्ला इतका झिजलेला, की कंपनी कोणती हे फक्त गजेंद्रच्या आजोबांना, वामनरावांना ठाऊक होतं, आणि ते दर वेळी वेगळं नाव सांगत. सत्याऐंशीच्या वामनरावांचे डोळे काचबिंदूने नेले होते. रोज संध्याकाळी ते अंगणातल्या बंद गाडीत मागच्या सीटवर बसत, मनातल्या मनात नांदगाव खंडेश्वरला शेतावर जाऊन येत, आणि उतरताना रस्त्याबद्दल तक्रार करत. त्यांना एकदा खरंच न्यायचं, हे गजेंद्रने मनावर घेतलं होतं. त्यात परिवहन कार्यालयात कळलं, की महिनाअखेरपर्यंत गाडी मूळ स्थितीत, स्वतःच्या चाकांवर चालत आली तर व्हिंटेज म्हणून नोंद होईल. नाहीतर भंगार.

अमरावतीत तीन मेकॅनिक झाले. पहिला म्हणाला, लग्नाला भाड्याने द्या, वऱ्हाडी ढकलतील. दुसऱ्याने बोनेट उघडलं, आत पाहिलं, नमस्कार केला आणि बंद केलं. तिसऱ्याने गाडीसोबत फोटो काढून घेतला आणि जाता जाता उस्मान मिस्त्रीचं नाव सांगितलं. अकोला, मोर्णा नदीच्या काठी, कडुनिंबाखाली.

मे महिना होता. गाडी टेम्पोवर चढवून गजेंद्र निघाला. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा मोबाईल तापून आपोआप बंद पडला होता.

उस्मान मिस्त्रीच्या आवारात सडा घातलेला होता. जमिनीवर तेलाचा डाग नाही, कोपऱ्यात गंजका पत्रा नाही, भिंतीला टेकवलेला एकही जुना टायर नाही. गॅरेज इतकं स्वच्छ असणं गजेंद्रला जरा खटकलं. कारण नंतर कळलं. मिस्त्री गाडीतून काढलेला जुना पार्ट स्वतःकडे ठेवत नसे. खिळा असो की क्लच-प्लेट, कापडात बांधून मालकाच्या हवाली. पन्नास वर्षांची त्याची तीच ख्याती होती.

दुसरी एक पद्धत होती. काम चालेल तोवर मालकाने स्टिअरिंगवर बसायचं.

"मालक बसल्याबिगर मी गाडी खोलत नाही, भाऊ," दोऱ्याने बांधलेला चष्मा सारखा करत उस्मान म्हणाला. "मालक अन् गाडी मी येकच धरतो. काय काय पाहू?"

इथे गजेंद्रने अस्सल वऱ्हाडी ऐसपैसपणा केला. हात झटकून म्हणाला, "समदंच पाहा, चाचा. जे झिजलं असन ते काढा. मले विचारू नका."

उस्मानने गाडीकडे पाहिलं. मग गजेंद्रकडे, तितकाच वेळ.

"नाही विचारत मंग."

पान्याचा आवाज सुरू झाला. ठक, ठक. निंबाच्या सावलीत, गरम रेक्झिनच्या वासात गजेंद्रला गुंगी येत गेली. मधेच त्याला वाटलं, आवाज बोनेटखालून येत नाहीये, बराच जवळून येतोय. कानामागून. मग तो झोपला.

जागा झाला तेव्हा सावली गाडीच्या दुसऱ्या अंगाला गेली होती आणि इंजिन चालू होतं, मांजर झोपेत गुरगुरावं तसं. मिस्त्रीची बायको कुलसुमबी फुलाफुलांच्या कापडातलं गाठोडं डिकीत ठेवत होती. तिला दोन्ही हात लागले.

"गाठ घरी सोडजा," ती म्हणाली. "घाई नाही."

दुसऱ्या दिवशी परिवहन कार्यालयातल्या साहेबांनी अर्धा तास गाडीखाली घालवला आणि लिहून दिलं : सर्व भाग मूळ, एकही बदललेला नाही. गजेंद्रला गाठोडं आठवलं. पण सरकारी माणसाची चूक काढायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

घरी त्याने गाठ सोडली. चार प्लग, एक फॅनबेल्ट, दोन स्प्रिंगा. तळाशी कागदाची पुडी. पुडीत एक दाढ, चांदी भरलेली. बारावीच्या सुट्टीत त्याने अशीच चांदी भरून घेतली होती. त्याने जीभ फिरवली. दाढ जागेवर होती. अखंड, गुळगुळीत, चांदीबिंदी काही नाही.

बुधवारी त्याला चष्मा लागेनासा झाला. शुक्रवारी डाव्या गुडघ्यावरची खूण गेली. सातव्या वर्षी याच गाडीच्या पायरीवरून पडून झालेली. ॲसिडिटी थांबली. तो कारलं मागून खाऊ लागला, तेव्हा त्याच्या आईने, लीलाबाईंनी, अकोल्याच्या पाण्याला श्रेय दिलं. पुन्हा बांधून डिकीत ठेवलेलं गाठोडं रोज सकाळी थोडं जड लागे.

त्याने मिस्त्रीला फोन लावला. कुलसुमबीने उचलला. अजून काहीबाही निघून राहिलंय, असं त्याने सांगितलं.

"त्यायनं काम अर्धं कधी सोडलं नाही," ती म्हणाली. "होऊन राहिलं असन."

रविवारी वामनराव मागच्या सीटवर बसले. बडनेरा मागे पडलं. त्यांनी दार चाचपलं, काच चाचपली, सीटचा वास घेतला.

"आपलीच हाये. येक खिळा बदलला नाही मिस्त्रीनं."

"हो, आबा."

बराच वेळ काळी शेतं मागे जात राहिली.

"चालवून कोन राहिलं?"

"मी, आबा. गज्या."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. दोन बोटं त्याच्या मानेवर टेकवली, आणि तशीच ठेवली.

"तुमी चांगली चालवता," वामनराव अदबीने म्हणाले. "गज्या कुठी हाये?"

डिकीत काहीतरी सरकलं. रस्त्याला वळण नव्हतं.

वामनरावांनी तिकडे तोंड वळवलं. "हं," म्हणाले, आणि निश्चिंत होऊन मागे टेकले.

सोमवारी सकाळी त्याने डिकी उघडली. गाठोड्यावर एक कागद होता. अक्षर गजेंद्रचं, डावीकडे कललेलं. हल्ली तो सरळ लिहीत असे. त्याने चष्म्याशिवाय कागद वाचला, होता तसा ठेवला आणि डिकी नीट दाबून लावली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

*प्रति, मा. परिवहन अधिकारी, अमरावती.*

*विषय : मूळ असल्याचा दाखला मिळणेबाबत.*

*महोदय, सदर वाहनाची तपासणी होऊन ते मूळ असल्याचे आपण प्रमाणित केले आहे. मालकाची तपासणी राहून गेली आहे. अर्जदार हाच मूळ मालक असून काढलेल्या भागांतून बहुतांशी पूर्ण झाला आहे. पुराव्यादाखल दाढ जोडली आहे. तपासणीसाठी अर्जदार वाहनाच्या डिकीत चोवीस तास हजर आहे. तरी सदर डिकी सध्याच्या मालकाव्यतिरिक्त अन्य कोणाच्याही हस्ते उघडण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.*