पाचवा सेन्सर

ही गोष्ट मी रंगवून सांगणार नाही. तसं मला येतही नाही. बारा वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि जे मोजता येत नाही त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, असं मुलांना सांगत आले.

पण हे मी मोजलं होतं. आकडे वहीत अजून आहेत.

मंगळवार होता. सव्वासहाला उठले, चहा टाकला. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, गाडीत सामान चढवलं. दोन हीटर, चार पंखे, वायरींची वेटोळी, चिकटपट्टीची रिळं आणि पाच सेन्सरची निळी पेटी. शाळा बंद पडल्यापासून मी त्याच्याच कामात आहे. ढेकूण झालेली खोली बंद करायची, आत गरम हवा सोडायची आणि तीन तास छप्पन्न अंशांवर ठेवायची. फवारणी नाही, वास नाही. अंड्यांसकट सगळं संपतं.

"चला मास्तरीणबाई, उन्हाळा विकायला," दादा म्हणाला. हा त्याचा रोजचा विनोद. मी रोजच्यासारखीच हसले नाही.

आमच्या कामात बाबांनी घालून दिलेली एक रीत आहे. खोली बंद करण्याआधी प्रत्येक कपाटावर टकटक करायची. मोठ्याने विचारायचं, "कोणी आहे का आत?" आणि दहापर्यंत मोजायचं. कधी मांजर असतं, कधी लपून बसलेलं मूल...

छप्पन्न अंशांत कोणी फार वेळ तग धरत नाही.

त्या दिवशीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. राहणारी बाई नर्स होती, एकटीच. दोन महिन्यांपूर्वी इथे आलेली. दोन्ही हातांवर लाल गांधी उठल्या होत्या.

"रात्रपाळी करून येते आणि खुर्चीत बसून झोपते," ती म्हणाली. "आज तरी मला आडवी होऊ द्या हो."

झोपायच्या खोलीत भिंतीतलं एक कपाट होतं. दारांवर रंगाचे इतके थर चढले होते की फट तेवढी दिसत होती.

"ते उघडतच नाही," नर्स म्हणाली. "मी कधी नादाला लागले नाही त्याच्या."

सर्वांत गार जागी सेन्सर ठेवायचा, हा आमचा नियम. पाचवा सेन्सर मी त्या दाराखालच्या फटीतून आत सरकवला.

दहा वाजता दार लावून फटींवर चिकटपट्टी मारली. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. माझ्या हातात पाचही आकडे दाखवणारा छोटा स्क्रीन, मांडीवर वही.

अकरा वाजता चार सेन्सर पंचेचाळिसाच्या आसपास. पाचवा, सदतीस.

साडेअकराला चार सेन्सर बावन्नवर. पाचवा, सदतीस.

बाराला चार सेन्सर छप्पन्नवर.

पाचवा...

सदतीस.

"बिघडला असेल," दादा म्हणाला.

नर्स माझ्या खांद्यावरून वाकली. "सदतीस? हा आकडा तर मी रोज लिहिते. माणसाच्या अंगाचा आहे हा."



मग दादाने हळूच विचारलं, "कपाटाला विचारलं होतंस ना तू?"

"मी? मी सेन्सर लावत होते. मला वाटलं, तू विचारलंस."

"मला वाटलं, तू."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही न विचारता खोली बंद केली होती.

तेवढ्यात आतून आवाज आला.

टक... टक... टक.

मी प्लग खेचले. पंखे थांबले. पण खोली अशी क्षणात निवत नाही. दादाने ओला टॉवेल डोक्याला गुंडाळला.

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "त्यावर गेलं तर ओढून काढ मला."

चिकटपट्टी फाडून तो आत गेला. दार त्याच्यामागे लागलं. नर्सने मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे लावले.

एक मिनिट. दोन.

स्क्रीनवर पाचवा सेन्सर चढू लागला. चाळीस, सत्तेचाळीस, पंचावन्न... मी श्वास सोडला.

आणि चौथा उतरला.

सदतीसवर.

चौथा पलंगाखाली होता. तो पुन्हा चढला, तेव्हा तिसरा उतरला. तो गादीच्या अलीकडच्या कडेला होता. मग दुसरा, टेबलाजवळचा. मी शहाण्यासारखी आकडे लिहीत होते. लिहिता लिहिता लक्षात आलं...

ते चालत होतं.

पहिला सेन्सर उंबऱ्याशी होता. तो सदतीसवर आला, आणि आतून कोणीतरी दार बडवू लागलं.

दोन्ही हातांनी. पण खालून. गुडघ्याच्या उंचीवर.

"दादा!"

उत्तर नाही.

"पाच मिनिटं झाली," नर्स म्हणाली. "काढा त्यांना बाहेर!"

मी दार ओढलं. हललं नाही. कडी आमच्या बाजूला होती आणि ती उघडी होती. नर्सही माझ्याबरोबर ओढू लागली. दार जणू भिंतच झालं होतं. आत माझा भाऊ होता, आणि मला काही करता येत नव्हतं.

सहा मिनिटं.

मग मी दाराला तोंड लावलं. जे सकाळी विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं.

"कोणी आहे का आत?"

आणि मोजायला लागले. एक... दोन... तीन...

सातला बडवणं थांबलं.

दहाला दार माझ्या हातात अलगद उघडलं.

दाराशी कोणी नव्हतं. दादा पार पलीकडे होता. उघड्या कपाटासमोर गुडघ्यांवर बसलेला, तोंड लालबुंद. कपाट रिकामं होतं. नर्सने त्याला काखेत धरून ओढत बाहेर आणलं, पाणी पाजलं, नाडी पाहिली.

"दार बडवत होतास, मग बोलला का नाहीस?" मी रडवेली होऊन विचारलं.

"मी दाराजवळ आलोच नाही," तो म्हणाला. "कपाट ओढत होतो. आतून कोणीतरी घट्ट धरून ठेवलं होतं. मग एकदम सुटलं." तो थांबला. "तू बाहेरून मोजत होतीस ना..."

"हो."

"आतूनही कोणीतरी मोजत होतं. हळू. तुझ्याबरोबर."

नर्सने त्याचा हात खाली ठेवला. मग म्हणाली, "मला आज इथेच झोपायचंय. दुसरं घर नाही मला. काय करायचं ते सांगा."

आम्ही कपाटाची दोन्ही दारं बिजागऱ्यांपासून काढली आणि जिन्यात नेऊन ठेवली. मग दोघांनी मिळून विचारलं, मोठ्याने, आणि दहापर्यंत मोजलं. संध्याकाळी पाचही सेन्सर छप्पन्नवर तीन तास राहिले. दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला. ती नऊ तास झोपली होती.

मला वाटलं, संपलं.

फोन ठेवून मी स्क्रीन सहज सुरू केला. निळी पेटी आमच्या टेबलावर होती, झाकण बंद. चार सेन्सर चोवीस दाखवत होते, खोलीत होतं तेवढंच.

पाचवा...

सदतीस.

मी झाकण उघडलं. आकडा हळूहळू चोवीसवर आला. झाकण लावलं. सदतीस. तीन वेळा करून पाहिलं. शिक्षिकेची सवय.

"फेकून देऊ," दादा म्हणाला. "नवा आणू."

"फेकायचा कुठे? कचऱ्याच्या डब्यालाही झाकण असतं."



मी पेचकस आणला आणि पेटीचं झाकण काढून टाकलं. मग स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं काढायला घेतली. दादा थोडा वेळ बघत उभा राहिला. मग दुसरा पेचकस घेऊन आतल्या खोलीत गेला. दुपारपर्यंत घरातल्या सगळ्या कपाटांची दारं बाल्कनीच्या भिंतीला टेकून उभी होती.

पाचवा सेन्सर आता खिडकीत असतो. बाकीच्यांइतकाच आकडा दाखवतो.

बहुतेक वेळा...