चार बोटं खाली

मिस्त्रींना जगात दोनच गोष्टींचा राग यायचा. एक म्हणजे वाकडी भिंत, आणि दुसरी म्हणजे भिंत वाकडी आहे असं सांगितल्यावर "चालतं हो" म्हणणारा माणूस. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत कपाटं बसवली होती आणि त्या तीस वर्षांत चारही कोपरे काटकोनात असलेली एकही खोली त्यांच्या वाट्याला आली नव्हती. कुठे वरती बोटभर फाकलेली, कुठे खाली दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत आलेली. मग मागे पाचरी ठोकायच्या आणि गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं. मिस्त्रींनी ठोकलेल्या पाचरी एका जागी आणल्या असत्या, तर विद्यापीठातल्या सगळ्या पोरांना वर्षभर अंघोळीचं पाणी तापवता आलं असतं.

तेव्हा मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि पहिल्या वर्षासाठी राहायची जागा बघायला बापलेक निघाली, त्या दिवशी बाकीचे आईबाप पाणी कधी येतं, जेवण कसं असतं हे विचारत होते, आणि मिस्त्रींच्या पिशवीत टेप, ओळंबा, लेव्हल आणि काटकोन तपासायचा गुण्या होता.

मुलीला घरात सगळे शिडी म्हणत. पाच फूट नऊ इंच. बापापेक्षा तीन इंच उंच. वर्कशॉपमध्ये वरच्या फळीवरचा खिळ्यांचा डबा हवा असला, तर मिस्त्री स्टूल शोधायचे नाहीत, "शिडे!" अशी हाक मारायचे. दर वाढदिवसाला ती स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ टेकून उभी राहायची आणि मिस्त्री कानामागची पेन्सिल काढून तिच्या डोक्यावर रेघ मारायचे. शेवटची रेघ मारताना त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितली होती.

पहिली जागा त्यांनी जिन्यातच नापास केली. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या होत्या.

दुसऱ्या जागी एका लांबट खोलीत सहा खाटा होत्या आणि पाच भरलेल्या होत्या. एक केस वाळवत होती, एक खाटेखाली शिरून चप्पल शोधत होती. केसवाली शिडीकडे बघून म्हणाली, "बरं झालं गं बाई आलीस! तीन वर्षं त्या पंख्याला कुणी हात लावलेला नाही." सगळ्या हसल्या. शिडी मोकळ्या खाटेवर जाऊन बसली ती उठेचना.

"बाबा, हीच."

मिस्त्रींनी खिडकीच्या कट्ट्यावर लेव्हल ठेवली. बुडबुडा धावत जाऊन टोकाला बसला.

"खोली उतरती आहे," ते म्हणाले.

"मी काय गोट्या खेळणार आहे इथे?"

"शिडे, अजून एक बघायचीय. बघू आणि ठरवू."

तिसरी जागा ग्रंथालयाच्या मागच्या उतारावर होती. बैठं, पांढरं घर. फक्त पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी. रेक्टरबाई बारीक अंगाच्या, हातात किल्ल्यांचा जुडगा, पण तो वाजत नव्हता. त्यांनी बोळाच्या टोकाची खोली उघडली. एक खाट, एक टेबल, एक खिडकी.

मिस्त्रींनी सवयीने गुण्या कोपऱ्यात लावला आणि त्यांचे डोळे बारीक झाले. फट नव्हती. कागदाचीसुद्धा. दुसऱ्या कोपऱ्यात लावला. तिसऱ्या. चौथ्या. ओळंबा सोडला, तर दोरा भिंतीला वरपासून खालपर्यंत सारखा समांतर. लेव्हल ठेवली, तर बुडबुडा दोन रेघांच्या बरोब्बर मधे, जणू चिकटवलेला. त्यांनी टेपने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घेतलं, मग उलटं तिरकं. एका सुताचाही फरक नाही. मिस्त्रींच्या अंगावर काटा आला, आणि आनंदानेही काटा येतो हे त्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो आनंदाच्या खात्यात टाकला.

"कुणी बांधली ही?"

"मी आले तेव्हापासून अशीच आहे," रेक्टरबाई म्हणाल्या.

शिडी उंबऱ्याच्या आत आलीच नव्हती. "बाबा, इथे आवाजच येत नाही कसला."

"मग अभ्यास होईल."

"मला ती सहा खाटांची आवडली होती."

"अगं, अशी खोली मला तीस वर्षांत दिसली नाही! नशीब लागतं."

शिडीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. पतंग मिळाल्यावर लहान मुलाचं दिसतं तसं ते तोंड दिसत होतं. ती हसली, खांदे उडवले आणि आत आली. एवढंच झालं. पुढे मिस्त्री मनाने रोज या उडवलेल्या खांद्यांपाशी येऊन थांबायचे.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या पुसट रेघा होत्या. एकीखाली एक, खालपर्यंत. वसतिगृहात कोण पोरं मोजतं, असं मिस्त्रींच्या मनात आलं खरं, पण चौकट दिसली आणि हात आपोआप कानामागे गेला. "ये, उभी राहा." शिडी टाचा जुळवून उभी राहिली. मिस्त्रींनी सगळ्या रेघांच्या वर ठसठशीत रेघ मारली.

"खूण केलीत?" रेक्टरबाई म्हणाल्या. "बरं झालं. नाहीतर ते काम माझ्यावर येतं."

मिस्त्री हसले. बाई हसल्या नाहीत.

आठवड्याने त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली सागवानी फळी आणून भिंतीवर बसवली. फळी बसवायची त्यांची एक रीत होती. माणसाला हात वर करायला लावायचा आणि बोटांची टोकं टेकतील तिथे फळी. शिडीने हात वर केला. जमिनीपासून सात फूट तीन इंच. "इथे दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा पोचायचा नाही," मिस्त्री म्हणाले. "तुझी पुस्तकं कुणी मागून नेणार नाही."

महिन्याभराने फोन आला.

"बाबा, फळी जरा खाली घ्याल? चार बोटं."

"का गं?"

"हात पुरत नाही."

"टाचा वर कर की, आळशे."

"केल्या."

मिस्त्री गेले. फळी होती तिथेच होती, सात फूट तीन इंच. शिडीने हात वर केला. बोटं आणि फळी यांच्यामध्ये चार बोटं जागा राहिली. त्यांनी तिला चौकटीपाशी उभं केलं. त्यांनी मारलेली रेघ तिच्या डोक्याच्या वर चार बोटं होती.

त्यांनी टेप काढला. रेघ जमिनीपासून पाच फूट नऊ. मग शिडीला मापलं. पाच फूट नऊ. पुन्हा रेघ मापली, पुन्हा पोरगी मापली. रेघही पाच नऊ, पोरगीही पाच नऊ, आणि दोघींच्या मध्ये चार बोटं.

मिस्त्री तसेच बाजारात गेले आणि नवा टेप घेऊन आले. त्यानेही तेच सांगितलं.

"तुम्हाला चष्मा लागलाय बाबा," शिडी म्हणाली. ती त्यांच्या समोर उभी होती आणि तिचे डोळे थेट त्यांच्या डोळ्यांसमोर होते. लेकीशी बोलताना मान वर करायची त्यांना चार वर्षांची सवय होती.

त्यांनी फळी काढली. जुन्या भोकांत पुट्टी भरली आणि चार बोटं खाली नवी भोकं पाडायला गेले, तर गिरमिट आपणहून आत गेलं. तिथे आधीच भोकं होती, कुणीतरी पुट्टी भरून वरून रंग दिलेली. मिस्त्रींनी हाताचा पंजा भिंतीवर फिरवला. सुताराच्या बोटांना रंगाखालचं कळतं. त्याच्या खाली चार बोटांवर आणखी भोकं होती. त्याखाली आणखी. ते गुडघ्यांवर बसले. भोकांची रांग फरशीजवळ जाऊन थांबत होती.

रेक्टरबाई दारात उभ्या होत्या.

"आधी इथे कोण राहायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"पहिल्या वर्षाच्या मुली."

"मग दुसऱ्या वर्षी त्या कुठे गेल्या?"

"दुसऱ्या वर्षासाठी ही खोली आजवर कुणी मागितली नाही," बाई म्हणाल्या. "त्यांचे वडीलही हाताने चांगले होते. एक गवंडी होते. एक तर घड्याळजी. त्यांनासुद्धा खोली फार आवडली होती."

त्याच दिवशी मिस्त्रींनी शिडीचं सामान बांधलं. ती चिडली, रडली, शेवटी आली. आधी ते सहा खाटांच्या जागी गेले. सहावी खाट भरली होती. केसवाली शिडीकडे बघून गोड हसली. "किती नाजूक आहे हो तुमची मुलगी," ती म्हणाली. त्या मुलीने तिला ओळखलं नव्हतं.

घरी आईने दार उघडलं आणि लेकीला पोटाशी धरलं. मिस्त्रींनी बायकोला स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी ओढत नेलं.

"ही रेघ कुणाची?"

"तुमचीच. तुम्हीच मारत असता."

"पोरीला उभी कर त्याखाली. बघ."

आईने बघितलं. रेघ लेकीच्या डोक्याच्या चांगली चार बोटं वर होती. आई म्हणाली, "अहो, ती तुम्ही स्टुलावर चढून मारली होती. पुढे एवढी होईल म्हणून. विसरलात?"

"आपण हिला शिडी म्हणतो ना? का म्हणतो?"

"गंमत म्हणून," आई म्हणाली. "बुटक्या माणसाला नाही का उंट म्हणत?"

ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तिला पट्टीखाली उभं केलं, पाच नऊ असा आकडा लिहिला, आणि मान खाली करून तिला म्हणाले, "छान उंची आहे हो बाळ तुझी."

घरी ती आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत मिस्त्रींनी टॉवेलचा हूक दोनदा खाली घेतला, आरसा एकदा. आई कुडत्यांच्या कडा आत दुमडून शिवत होती. "वाढत्या अंगाचं घेतलंय," ती म्हणायची, "होईल पुढे." एका सकाळी शिडी वर्कशॉपमध्ये वरच्या फळीखाली हात वर करून उभी होती. खिळ्यांचा डबा तिच्या बोटांपासून थोडा दूर होता. तिने बापाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"बाबा, मला तिकडे सोडा," ती म्हणाली. "तिथे फळी तरी माझ्या मापाला बसते."

मिस्त्रींनी तिला परत नेऊन सोडलं आणि काढलेली फळी खालच्या भोकांत बसवून दिली. आणखी काय करायचं हे त्यांना कुणी सांगेना, आणि विचारायचं तरी कसं, तेही कळेना.

आधी महिन्याला फोन यायचा. मग पंधरवड्याला. मग दर आठवड्याला. वाक्य तेच.

"बाबा, फळी जरा खाली घ्याल?"

मिस्त्री जायचे. इतर कामं त्यांनी सोडली होती. पिशवीत पेचकस, पुट्टी आणि लेव्हल. गिरमिटाचं काम नव्हतं, भोकं तयार असायची. ते फळी काढायचे, खाली बसवायचे, पुस्तकं पुसून पुन्हा रचायचे. शिडी गप्पा मारायची. परीक्षेत पहिली आले, म्हणायची. बाई फार जपतात, म्हणायची. तिचा आवाज मात्र होता तेवढाच होता. पाच फूट नऊ इंचाचा.

चौकटीवर त्यांच्या रेघेखाली नव्या रेघा दिसायच्या. त्या रेघा त्यांनी मारलेल्या नव्हत्या. पण सुतार पेन्सिल चपटी तासतो आणि तिची रेघ ओळखू येते. त्या रेघा त्यांच्याच पेन्सिलीच्या होत्या.

एकदा त्यांनी पेन्सिल घरी ठेवली. एकदा मोडून टाकली. रेघा येत राहिल्या.

एकदा खोलीत पाचर ठोकून बघितली. भिंतीच्या कोपऱ्यात, मुद्दाम, हातोडीने, खोली वाकडी व्हावी म्हणून. पाचर सरळ आत गेली आणि नाहीशी झाली. गुण्या लावला. फट नव्हती.

मग शेवटच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला फोन आला. मिस्त्रींनी रिसीव्हर कानाशी बराच वेळ धरला, तेव्हा वाक्य ऐकू आलं.

भर दुपार होती. खोलीचं दार उघडं होतं, खिडकीतून ऊन आत पसरलं होतं. खाट नीट आवरलेली. मिस्त्रींनी सगळीकडे पाहिलं. मग ते दारातच थांबले आणि तिथून पाय न उचलता, घासत घासत, फरशीकडे बघत आत आले.

"शिडे?"

ऊन तसंच होतं.

ते भिंतीपाशी पालथे झोपले. शेवटची भोकं फरशीपासून चार बोटांवर होती. त्यांनी फळी तिथे बसवली. स्क्रू पिळले, हळू, आवाज न करता. जाड पुस्तकं मागे ठेवली, बारीक पुढे. लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे.

त्यांनी गाल फरशीला टेकवला.

"आता पोचतो का गं हात?"



मिस्त्री तसेच पडून राहिले, श्वास धरून. बऱ्याच वेळाने फळीवरचं सगळ्यांत बारीक पुस्तक एक सूत बाहेर सरकलं. थांबलं. मग आणखी एक सूत.