सहा मिशांचा राऊटर

"आबा, हलू नका! दिसतेय, दिसतेय... गेली!" रितेश ओरडला.

मोबाइलच्या पडद्यावर मनिषाआत्या तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठली होती. ती कुवेतला इस्पितळात नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे दर शुक्रवारी, हर्णेला घरी व्हिडिओ कॉल करायची.

"बर्फातल्या सुरमईसारखी दिसतेय आत्या!" मनस्वी म्हणाली.

आबा हसले. फोन कानाशी नेऊन त्यांनी पुन्हा हाक मारली, "मने, बोल गो. मी आहे इथेच."

"आबा, तो कानाला नाही लावायचा! आणि वर चला ना. तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट दिसते ती."

"हे गुडघे घेऊन? राहू दे. पुढच्या शुक्रवारी बोलेन." आबा पुन्हा बाकड्यावर बसून जाळं शिवायला लागले. मुलंही बंदरावर पळाली. मे महिन्याची सुट्टी होती, आणि मासळीचा लिलाव चुकवून चालणार नव्हता!

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा उठलेच नाहीत.

आत्याला रजा मिळाली नाही. तेरावाही तिच्याविना झाला. बकुळाआजी दिवसभर खालच्या खोलीत, आबांच्या बाकड्याशेजारी बसून असायची. महिनाभर उंबऱ्याबाहेर जायचं नाही अशी घरची रीत, आणि जिना तिलाही चढवत नव्हता. त्या खोलीच्या पाठीशी डोंगर, त्यामुळे तिथे मोबाइलची रेंज कधीच नव्हती. उरलं तिसऱ्या मजल्यावरचं वायफाय, आणि तेही तिथवर धड पोचत नव्हतं.

"मला आईला बघायचंय रे," आत्या फोनवर रितेशला म्हणाली. "आणि आबांची ती जागा. तेवढं जमव."

सर्वेशकाका गुरुवारी सकाळी दापोलीला गेले आणि भलामोठा खोका घेऊन आले.

"सहा अँटेना! दुकानदार म्हणाला, तीन मजली घराला हाच घ्या."

"काका, राऊटर आणलात की जाळ्यातली शेवंड? केवढ्या त्या मिशा!" रितेश म्हणाला.

"गप रे मेल्या!" म्हणत काका वर गेले. जुना काढून त्यांनी नवा जोडला. रितेश मोबाइल घेऊन खाली आजीजवळ बसला. वायफायची एक रेघ आली, थरथरली आणि गेली.

"चिऱ्याच्या भिंती आहेत, त्याला कोण काय करणार!" काका जिन्यातूनच म्हणाले आणि बोटीच्या कामाला निघून गेले.

"उद्या शुक्रवार आहे," मनस्वी हळूच म्हणाली.

शेजारची आम्रपाली आठवीत गेली होती आणि तिला असल्या गोष्टींत फार रस. ती म्हणाली, "भिंतींना नंतर दोष देऊ. आधी पाहू या. रितेश खाली, मी जिन्यात, मनस्वी वर. काही बदललं की ओरडायचं!"

बराच वेळ काहीच घडलं नाही. मग एकदम खालून आरोळी आली, "आलं! सगळ्या रेघा! ...अरे, गेलं!"

थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

"मनस्वी, आत्ता वर काय झालं?" आम्रपालीने विचारलं.

"काही नाही गं. काकी कपाटात चादरी ठेवत होती."

"आणि मघाशी?"

"मघाशी टॉवेल काढला..." मनस्वी बोलता बोलता थांबली. मग धावतच काकीकडे गेली. "काकी, एक टॉवेल दे ना!"

"सकाळी दिला तो? टॉवेल खातेस की काय गो?" काकीने कपाटाचं दार उघडलं.

"आलं!" खालून रितेश किंचाळला.

चादरींच्या मागे, लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात, मिशा मुडपून नवा राऊटर बसला होता. वरून प्लास्टिकची पिशवी, तिला रबर!

काका संध्याकाळी आले तेव्हा तिघं जिन्यातच वाट अडवून उभी होती.

"मग काय उघड्यावर ठेवू?" काका म्हणाले. "खारी हवा कशाला सोडते का इथे? पंखा गंजला, टीव्ही गेला. जुना राऊटर तीन वर्षं टिकला, तो कपाटात होता म्हणूनच!"

"जुनाही कपाटातच होता?" रितेशने विचारलं. "म्हणजे आबा बोलत होते तेव्हा..."

काका पायरीवर बसले.

"नुसतं दार उघडायचं होतं," ते म्हणाले.

मग आम्रपालीने सुचवलं तसं केलं. मधल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी लाकडी फळी ठोकली आणि वायर तिथवर ओढून जुना राऊटर उघडाच ठेवला. खालच्या खोलीत सगळ्या रेघा आल्या!

"हा मिशीवाला परत करा काका. इतका मोठा लागतच नाही आपल्याला," रितेश म्हणाला.

"आणि हा जुना गंजला तर?" काकीने विचारलं.

"गंजू दे," काका म्हणाले. "दुसरा आणू."

शुक्रवारी आत्या दिसली. स्पष्ट, न गोठता. आजीने पडद्यावरून बोट फिरवलं आणि कॉल कट झाला! "आजी, हात नको लावूस!" म्हणत रितेशने तो परत जोडला. कितीतरी दिवसांनी आजी हसली.

"पोरांनी केलं गो हे," ती आत्याला म्हणाली. "आम्हा मोठ्यांना नाही सुचलं."

"शाबास रे पोरांनो! तुलाही शाबास, आम्रपाली," आत्या म्हणाली. काकांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला.

"रितेश, आता बाकड्याकडे धर."

रितेशने फोन रिकाम्या बाकड्याकडे वळवला. वायफाय गेलं की काय म्हणून मनस्वीने डोकावून पाहिलं. आत्याची पापणी हलत होती.

"आबा," आत्या म्हणाली, "वाडीतल्या मुली टोपल्या घेऊन लिलावाला जायच्या, तेव्हा तुम्ही मला शाळेत धाडायचात. लोक तुम्हाला हसायचे. मला ते सगळं दिसायचं, पण मी तुमच्यापाशी कधी बोलले नाही. तुम्ही बरं केलंत, आबा. फार बरं केलंत."